संध्याकाळी घरी जायचे रुग्णालय

पुण्याच्या बहुतेक उपनगरांत आता ज्येष्ठांसाठी एखादे विरंगुळा केंद्र असते. तिथे वर्तमानपत्रे असतात, कॅरम असतो, सभासदांचे वाढदिवस साजरे होतात आणि कोजागरीला मसाला दूध आटवले जाते. उतारवयातल्या नैराश्याचा विषय निघाला की लोक हटकून याच केंद्रांचे नाव घेतात: ‘बाबांना जरा तिकडे पाठवत जा, मन रमेल.’ सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो आणि ज्याला नुसता कंटाळा आला आहे त्याला तो लागूही पडतो. नैराश्याचा आजार जडलेल्या माणसाचे तसे होत नाही. त्याला कुणी तिथे नेऊन बसवलेच तर तो आणखी खचून परततो, कारण आनंदी असणे ही तिथली प्रवेशाची अट असते, फलकावर ती लिहिलेली नसली तरी. हास्यक्लबात सगळे हात वर करून हसत असताना ज्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, त्याला आपल्यात काहीतरी बिघडले आहे याचा पुरावा रोज नव्याने मिळत राहतो.

एका मनोरुग्णालयाच्या दिवसा चालणाऱ्या विभागात मी सामाजिक कार्यकर्ती म्हणून काही वर्षे काम केले. सगळे त्याला डे-केअरच म्हणत. रुग्ण सकाळी साडेनऊच्या सुमारास यायचे, दुपारचे जेवण तिथेच करायचे, आणि चार वाजता घरी जायचे. आपल्याकडे अशा सोयी मुख्यतः स्किझोफ्रेनियाच्या किंवा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी उभ्या राहिल्या आहेत. नैराश्य असलेल्या वृद्धांसाठी ही पद्धत मुद्दाम वापरली जाते हे ऐकून अनेकांना नवल वाटते. पुढे ज्या माणसांविषयी लिहिले आहे त्यांची ओळख पटू नये इतके तपशील मी बदललेले आहेत.

वृद्धांचे नैराश्य दारातून आत येताना आपले नाव सांगत नाही. ‘मला उदास वाटते’ असे म्हणत आलेले सत्तरीतले माणूस मला क्वचितच भेटले. पोट साफ होत नाही, डोके जड राहते, अन्नावरची वासना उडाली आहे, पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा झोप लागत नाही, अशा तक्रारी घेऊन ही माणसे आधी फॅमिली डॉक्टरांकडे, मग पोटाच्या तज्ज्ञांकडे, मग मेंदूच्या तज्ज्ञांकडे फिरतात, आणि तपासण्यांची जाडजूड फाइल काखोटीला मारून शेवटी मानसोपचाराच्या दाराशी येतात. तोवर बरोबरच्या मुलाने किंवा सुनेने मनाशी निदान करून टाकलेले असते, ते म्हणजे ‘वय झालं’. केंद्र सरकारने २०१७-१८ मध्ये केलेल्या वार्धक्यविषयक राष्ट्रीय पाहणीत साठीपुढच्या माणसांपैकी ८.३ टक्के जणांना प्रश्नावलीच्या निकषांवर नैराश्याचा आजार असावा असे आढळले. डॉक्टरांनी तसे निदान केल्याचे सांगणारे मात्र ०.८ टक्के होते. दहातले नऊ जण ‘वय झालं’ या सदरात जमा झालेले असणार, असे मला ते आकडे वाचून वाटले.

आमच्याकडे पहिल्या आठवड्यात रक्ताच्या तपासण्या पुन्हा नीट पाहिल्या जात, कारण थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा रक्तक्षय यांमुळेही माणूस असाच मलूल होतो. त्याचबरोबर वृद्धांसाठीच बेतलेली १५ प्रश्नांची नैराश्य मापनश्रेणी भरून घेतली जाई. १९८० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेली ही श्रेणी जगभर वापरली जाते. तिचा शहाणपणा असा की ती झोप, भूक, दुखणे यांबद्दल काहीच विचारत नाही. या वयात ती गाऱ्हाणी निरोगी माणसालाही असतात. उत्तरे फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी द्यायची असतात. एक प्रश्न असा आहे की, बाहेर जाऊन नवे काही करण्यापेक्षा घरी राहणे तुम्हाला बरे वाटते का? आयुष्यभर उंबऱ्याआत राबलेल्या आजींना हा प्रश्न विचारताना मला दर वेळी अडखळायला होई. ‘घरी नाही तर कुठे राहू?’ असे एकीने मलाच विचारले होते, आणि त्या उत्तराचा एक गुण द्यावा की शून्य, याचा निर्णय मला करता आला नव्हता.

नैराश्यात सकाळ सर्वांत वाईट असते. दिवस चढेल तसे मन थोडे सैल होते, पण उठल्या उठल्या पोटात खड्डा पडलेला असतो आणि आंघोळीच्या विचारानेही हातपाय गळतात. म्हणून साडेनऊला घराबाहेर पडून, कपडे बदलून, कवळी लावून कुठेतरी पोचणे हा उपचारांचा पहिला भाग होता आणि सर्वांत अवघडही तोच होता. आमच्या गाडीचे चालक मामा या बाबतीत शिकलेल्या माणसांपेक्षा तरबेज होते. सोसायटीच्या फाटकाशी उभे राहून ते फोन करत आणि ‘काका, मी खाली आलोय, सावकाश या’ एवढेच म्हणत, ‘येताय ना?’ असे कधी विचारत नसत, कारण विचारले की नकार ठरलेला. कोण कवळी न लावता आले, कुणी आज दाढी केली, कुणाच्या साडीच्या निऱ्या आठवड्यात पहिल्यांदा नीट आहेत, हे ते गाडी लावता लावता परिचारिकेला सांगून टाकत. त्यांच्या निरीक्षणाला आमच्या नोंदवहीत रकाना नव्हता. डॉक्टर मात्र आठवणीने त्यांना विचारत.

आल्यावर हजेरीपटावर सही ज्याची त्याने करायची. मग रक्तदाब, आधी आडवे पडून आणि मग उभे राहून, कारण काही गोळ्यांनी उठताना रक्तदाब एकदम खाली येतो आणि या वयात एक पडणे म्हणजे खुब्याचे हाड. त्यानंतर सगळ्यांनी मिळून चहा करायचा, वर्तमानपत्रातली एखादी बातमी मोठ्याने वाचायची, अकरापासून गटात बोलणे, आणि मग व्यवसायोपचार, म्हणजे रोजची साधी कामे करवून घेऊन केलेला उपचार. व्यवसायोपचार या भारदस्त नावाखाली पुष्कळदा भाजी निवडण्याचे काम चाले.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर खचलेल्या एका आजींसमोर मेथीची जुडी ठेवली होती ती सकाळ मला चांगली आठवते. घरच्यांची भीती स्मृतिभ्रंशाची होती. आजींनी जुडी सोडली, एक काडी उचलली आणि ती हातात धरून त्या बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने दोन पाने खुडून त्यांनी ती देठांच्या ढिगात टाकली आणि खुडलेला देठ पातेल्यात. व्यवसायोपचारतज्ज्ञ शेजारी बसून नुसत्या पाहत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, ‘आजी, एवढ्या मेथीला लसूण किती लागेल?’ आजी लगेच म्हणाल्या, ‘सात-आठ पाकळ्या. पण मुगाची डाळ घालणार असाल तर कमी.’ स्मरणाला काही झालेले नव्हते. कामाला हात घालण्याची आणि ते शेवटाला नेण्याची ताकद गेलेली होती. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण चुकीचे उत्तर बेधडक देतो, नैराश्याचा रुग्ण बहुधा ‘माहीत नाही’ म्हणून गप्प होतो, असे पुस्तकात असते आणि स्थूलमानाने ते खरेही आहे, पण मुगाच्या डाळीचा तो पोटनियम मला पुस्तकातल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा पटला. अर्थात पुढच्या चाचण्या चुकल्या नाहीत, कारण दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात आणि उतारवयात पहिल्यांदा आलेले नैराश्य कधी कधी स्मृतिभ्रंशाची चाहूलही असते.

या आजींच्या घरात त्यांचे कुणी वाईट केलेले नव्हते. शस्त्रक्रियेनंतर सुनेने स्वयंपाकाला बाई लावली, मुलाने खोलीत टीव्ही बसवला, नातवाने ओट्याजवळ दिसलेल्या आजीला हाताला धरून पलंगावर आणून बसवले. ‘आयुष्यभर केलंत, आता आराम करा.’ आपल्या समाजात वडीलधाऱ्यांविषयीचे प्रेम आणि आदर व्यक्त करण्याची हीच रीत आहे, आणि नैराश्याच्या रुग्णाला याहून घातक दुसरे काही नसावे असे माझे ठाम मत झाले आहे. आजाराने माणसाची हालचाल मंदावते, हालचाल कमी झाली की दिवसात बरे वाटण्याचे प्रसंग उरत नाहीत, ते उरले नाहीत की आजार वाढतो आणि घरचे आणखी आराम देतात. प्लास्टरमधला पाय जसा वाळत जातो तशी कामाविना राहिलेल्या माणसाची उमेद वाळत जाते. यावरच्या उपचारात मन सुधारण्याची वाट न पाहता आधी कृतीला लावतात. करावेसे वाटले म्हणून करायचे नाही, ठरले आहे म्हणून करायचे, आणि ठरवायचे तेही अगदी लहान. हे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात त्यासाठी रोज पाठपुरावा करणारे माणूस लागते, आणि महिन्यातून एकदा दहा मिनिटे भेटणाऱ्या डॉक्टरांना तो करता येत नाही.

म्हणून चार वाजता निघताना प्रत्येकाला गृहपाठ मिळे. एस.टी. महामंडळात वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले एक काका होते. पत्नी गेल्यावर मुलाने गावचे घर बंद करून त्यांना पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणले होते. त्यांना गृहपाठ दिला तो इतकाच: उद्या सकाळी खाली उतरून कोपऱ्यावरच्या डेअरीतून दुधाची पिशवी आणायची. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वहीत काही नव्हते, तिसऱ्या दिवशीही नव्हते. गटात कुणीतरी म्हणाले, काका टाळतायत. मी खोदून विचारले तेव्हा कळले की दूध पहाटेच मोबाइलवरच्या अॅपने मागवलेले असते. काका उठायच्या आत पिशव्या दाराला लटकलेल्या असतात. म्हणजे आणण्यासारखे दूधच शिल्लक नव्हते. काकांनी ते मुलाला सांगितले नव्हते, कारण नैराश्यातला माणूस मागणी करत नाही, आणि सुनेच्या सोयीत आपण लुडबूड करू नये असे त्यांना वाटत होते.

त्या शनिवारी मुलगा आणि सून भेटीला आले. अॅपवरचे दूध बंद करायचे, एवढ्याशा मुद्द्यावर अर्धा तास गेला. सुनेचा आक्षेप रास्त होता: बाबा गेले नाहीत तर मुलाच्या डब्याच्या वेळेला घरात दूध नसेल. शेवटी एक जादा पिशवी फ्रीजमध्ये ठेवायची आणि तिचा उल्लेख काकांसमोर करायचा नाही, असे ठरले. हे ऐकून कुणाला हसू येईल, पण वॉर्डात दाखल करून घेतलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही गाठ सापडलीच नसती. तिथे तो बरा होतो, घरी जातो, आणि ज्या घरात आजार वाढला त्याच घरात पहिल्या रात्री एकटा पडतो. दिवसाच्या उपचारात घर रोज संध्याकाळी समोर येते आणि रोज सकाळी त्याचा हिशेब मांडता येतो. माझ्या मते या पद्धतीचे खरे बळ दिवसभरातल्या कार्यक्रमांत नसून या जाण्या-येण्यात आहे.

गंमत अशी की या पद्धतीचा जन्म एवढ्या विचारातून झालेला नव्हता. १९३० च्या दशकात मॉस्कोत खाटा पुरत नव्हत्या म्हणून रुग्णांना रात्री घरी पाठवण्याची सोय झाली. १९४६ मध्ये माँट्रियलला मानसोपचारतज्ज्ञ युएन कॅमेरन यांनी आणि त्याच सुमारास लंडनला जोशुआ बीरर यांनी असे विभाग सुरू केले. पैकी कॅमेरन पुढे रुग्णांवरच्या भयंकर प्रयोगांमुळे बदनाम झाले हा भाग वेगळा. आपल्याकडे १९५० च्या दशकात अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी उलट्या दिशेने जाऊन मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांनाच रुग्णाजवळ राहायला बोलावले. खाटांची टंचाई तिथेही होतीच. पण घर आणि रुग्णालय यांच्यातली भिंत पाडल्याशिवाय भागत नाही, हे दोन्हीकडे अनुभवानेच कळले.

औषधांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. मध्यम आणि तीव्र आजारात गोळ्या लागतातच, आणि वृद्धांत त्या थोड्या मात्रेने सुरू करून सावकाश वाढवाव्या लागतात. परिणाम दिसायला कित्येक आठवडे जातात. तोवर मळमळ, घाबरल्यासारखे होणे असे त्रासच आधी भेटीला येतात आणि इथेच पुष्कळ लोक गोळी सोडून देतात. रोज डोळ्यासमोर असलेल्या माणसाला ‘हे चार दिवसांत जाईल’ असे सांगता येते. एस.टी.तले काका दुसऱ्या आठवड्यात एकाएकी जास्तच गळून गेले आणि वार विसरायला लागले. रक्तदाबासाठी ते लघवी वाढवणारी गोळी आधीपासून घेत होते. तिच्या जोडीला नैराश्याची नवी गोळी आली की शरीरातले सोडियम घसरू शकते. तपासले तर ते खरेच घसरले होते. गोळी बदलली, भूक आणि झोप वाढवणारी दुसरी रात्रीची गोळी सुरू झाली. घरी असते तर हेही ‘वय झालं’ मध्ये गेले असते.

दिवसाचा उपचार सगळ्यांसाठी नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. ज्याने अन्नपाणी सोडले आहे, ज्याला आपण कंगाल झालो किंवा आतडी सडली अशा भ्रमांनी घेरले आहे, ज्याच्या मनात जीव देण्याचा बेत पक्का झाला आहे, त्याला संध्याकाळी घरी पाठवणे धोक्याचे असते. अशांना दाखलच करावे लागते, आणि त्यांच्यासाठी विजेचे उपचार, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘शॉक’, हा उतारवयातही अतिशय परिणामकारक उपाय आहे. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय तो करायला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई केली आहे. आमच्याकडे निघताना रोज प्रत्येकाला एकट्याला विचारले जाई, ‘आज जगणे नको असे वाटले का?’ असे विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. उलट कुणीतरी विचारले म्हणून सुटल्यासारखे वाटले असे अनेकांनी सांगितले आहे. गोळ्यांचा साठा घरी दुसऱ्याच्या ताब्यात असे, आणि रात्री-अपरात्रीसाठी १४४१६ हा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलेला असे.

गटाविषयी मी साशंक होते. आपली माणसे, त्यातही पुरुष, परक्यांसमोर घरचे काय बोलणार? ती बोलली, पण आम्ही अपेक्षिले होते तसे नाही. मनाची उकल वगैरे क्वचितच झाली. बहुतेक वेळ एकमेकांची बद्धकोष्ठता, गोळ्यांचे रंग आणि पेन्शनचा हयातीचा दाखला यांवर चर्चा चाले. पण अधूनमधून कुणीतरी सहज म्हणे, ‘मला तर बायकोच्या फोटोला हार घालताना काहीच वाटत नाही, रडूसुद्धा येत नाही,’ आणि समोरून दुसरे कुणी म्हणे, ‘मलाही येत नव्हतं. महिन्याभराने आलं.’ असे उत्तर देण्याचा अधिकार आमच्यापैकी कुणालाच नव्हता.

आता पैशाचे. गाडी, दोन वेळचा चहा, जेवण आणि इतकी माणसे धरून हा उपचार दाखल होण्यापेक्षा स्वस्त पडतो, पण मध्यमवर्गालाही तो जड जातो. २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांवर मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण देण्याचे बंधन घातले आहे, तरी बहुतेक पॉलिसींत किमान २४ तास दाखल असण्याची अट असते आणि त्यातून सूट मिळते ती मोतीबिंदूसारख्या शस्त्रक्रियांना. संध्याकाळी घरी जाणारा रुग्ण या हिशेबात कुठेच बसत नाही. म्हणजे जो घरी झोपतो त्याचा खर्च घरचे करतात आणि जो रुग्णालयात झोपतो त्याचा कंपनी करते. तालुक्याच्या गावी तर हा प्रश्न विमा येण्याच्या आधीच संपतो, कारण तिथे असा विभागच नसतो. तरीही गोव्यातला एक अभ्यास मला आशादायक वाटतो. तिथे ‘संगथ’ या संस्थेने ६० वर्षांवरच्या, नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या पण आजार अजून न जडलेल्या १८१ जणांचा अभ्यास केला आणि त्यांतल्या साधारण निम्म्या जणांबरोबर काम केले. ते तज्ज्ञांनी नव्हे, तर शिकवून तयार केलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी केले: अडचणी सुट्या करून एकेक सोडवणे, झोपेच्या सवयी लावणे, मधुमेहासारखी दुखणी सांभाळायला शिकवणे, सरकारी मदत मिळवून देणे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात आजार जडण्याचे प्रमाण या गटात ४.४ टक्के राहिले, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटात ते १४.४ टक्के होते. याला डे-केअर म्हणता येत नाही. पण दुधाच्या पिशवीचा पाठपुरावा करायला पदवी लागत नाही, हे त्यातून मला दिसते.

बरे होणे सरळ रेषेत होत नसे. सोमवार वाईट जाई, कारण मधे रविवार आलेला असे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तर सगळा विभाग दोन पायऱ्या खाली उतरलेला दिसे. सुधारणा झाली की आठवड्याचे पाच दिवस तीनवर येत, मग एकावर, आणि एकावर आलेली माणसे हमखास पोटदुखी घेऊन येत, म्हणजे दिवस पुन्हा वाढतील. ते वाढवायचे नाहीत, हा आमच्यातला नेहमीचा वाद होता.

मेथीच्या आजींची सुधारणा आम्हाला कळली ती चहामुळे. एके दिवशी घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘हा काय चहा आहे? आलं किसायचं असतं, ठेचून टाकायचं नसतं.’ त्याआधी कित्येक आठवडे त्यांनी समोर येईल ते निमूट गिळले होते. त्यानंतर त्या रोज कशाला ना कशाला नावे ठेवू लागल्या, आमटीला, पंख्याला, माझ्या अक्षराला. घरच्या भेटीत ठरले की संध्याकाळची भाजी आजी करतील आणि पोळ्या बाईच करील. महिन्याभराने सुनेचा फोन आला. आजी आता पोळ्यांच्या जाडीवरून बाईशी रोज वाद घालतात, बाई काम सोडीन म्हणते, तर गोळी थोडी कमी करता येईल का, असे तिचे विचारणे होते. मी तो प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी गोळी आणखी किमान वर्षभर आहे तशीच चालू ठेवायला सांगितली आणि पोळ्यांचे तुम्ही घरातच ठरवा म्हणाले.